भिंत, दोर आणि गारा

(दृश्य: दारव्हा–यवतमाळ रस्ता, पहाट. कडेने पळणारी पोरं-पोरी.)

पहाटे साडेपाचला यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर उभे राहा, भरतीची पोरं पळताना दिसतीलच. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. सैन्यात जायचं असेल तर धावण्यासोबत बीमवर पुल-अप्स काढायचे, 9 फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा आणि अरुंद पट्टीवरून नागमोडी चालत तोल सांभाळायचा.

या पळणाऱ्यांत एक बहीण-भाऊ आहेत. ताई भरतीची तयारी करतेय. धाकटा बारावीनंतर वावर बघतो. या हिवाळ्यात दोघांनी मिळून पुण्याच्या एका ऑब्स्टॅकल रेसला नाव दिलंय. 5 किलोमीटर पळायचं आणि वाटेत भिंती चढायच्या, तारांखालून सरपटायचं, दोरावर चढायचं, हातांनी लोंबकळत एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर जायचं, खांद्यावर पोतं वाहायचं.

घरात हे सांगितलं तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला: "पोतं उचलाले पैसे भरून पुण्याले जाता का रे?"

प्रश्न रास्त आहे. प्रवेशाचे पैसे आपणच भरायचे आणि शेवटी मिळणार एक पदक, एक टी-शर्ट. नोकरीत याचे गुण धरत नाहीत. तरी पोरं जातात, कारण मजा येते. याहून मोठं कारण आम्हीही शोधलं नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दोरावरचा मल्लखांब.)

या खेळाचं मूळ बऱ्यापैकी लष्करी आहे. जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदल अधिकारी 1902 मध्ये मार्टिनिक बेटावर होता. तिथे ज्वालामुखी फुटला आणि हजारो माणसं मेली. धावणं, चढणं, ओझं उचलणं, तोल सांभाळणं हे सगळं एकत्र शिकवणारी व्यायामपद्धत त्याने पुढे उभी केली. लष्करातल्या अडथळ्यांच्या मैदानांवर तिची छाप आहे. सर्वसामान्यांसाठीची पहिली मोठी चिखलातली शर्यत म्हणून 1987 मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या 'टफ गाय'चं नाव घेतात. अमेरिकेतली 'स्पार्टन' 2010 ची. तिच्या 'स्प्रिंट' प्रकारात 5 किलोमीटरमध्ये 20 अडथळे असतात. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येतेय.

पण दोर चढायचं शिकायला इतक्या लांब जायची गरज नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, वैद्य बंधूंनी काढलेलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. दोरावरच्या मल्लखांबात पोरी पायांनी जी अढी मारतात, शर्यतीतला दोर चढायला तीच लागते.

(दृश्य: कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला जाड दोर. ताईचे अनवाणी पाय जवळून.)

पायांकडे बघा. दोर उजव्या मांडीच्या बाहेरून खाली आणलाय, उजव्या पावलाखालून घेऊन डाव्या पावलाने वरून दाबलाय. आता ती उभी राहू शकते, अगदी हवेत. मग हात वर, गुडघे छातीकडे, पुन्हा दाब, पुन्हा उभं. हातांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. वर जायचं ते पायांनी. पहिल्यांदा शर्यत करणारे नुसत्या दंडाच्या जोरावर चढायला जातात आणि अर्ध्यावर येऊन थांबतात. धाकट्याचंही तेच झालं. ताई त्याच्याहून बऱ्याच किलोंनी हलकी, दंडात जोर निम्मा, आणि घंटी आधी तिनेच वाजवली. घंटी म्हणजे फांदीला टांगलेली बैलाच्या गळ्यातली घाटी.

इथे दोराबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. मोटा गेल्या तसे मोटेचे जाड नाडेही गेले, आणि माळ्यावर एखादा पडलेला असलाच तर त्याच्यावर माणूस टांगू नये. आतून कुजलेला असतो. विहिरीवरचा बारीक नायलॉन दोर हात कापतो. मनगटाच्या निम्म्या जाडीचा नवा दोर घ्यावा, खाली गव्हांड्याचा किंवा सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर टाकावा आणि उतरताना घसरत येऊ नये. घसरलं की तळहाताची साल निघते.

(दृश्य: कापसाचं वावर. ओटी बांधून वेचणाऱ्या बाया.)

तयारीचे जे तक्ते मोबाईलवर फिरतात ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी बनवलेले असतात. अमुक बैठका, अमुक किलोचं ओझं घेऊन चाला, रोज तासभर. कास्तकाराच्या घरातल्या पोराने तो तक्ता जसाच्या तसा उचलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. याने सकाळीच युरियाचं 45 किलोचं पोतं बंडीवरून उतरवून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत नेलंय. ओझ्याचा अडथळा त्याला येतोच. वाकून काम करण्याची सवय आहे, चिखलाचं भय नाही. त्याच्याकडे नाही ते दुसरंच. वावरातल्या कामाचा वेग संथ आणि एकसारखा असतो. दम लागेपर्यंत पळायचं, थांबून भिंत चढायची आणि फुललेल्या श्वासानेच पुन्हा पळायचं, हे शरीराला ठाऊक नसतं. आणि लोंबकळणं. शेतीच्या एकाही कामात माणूस स्वतःचं वजन हातांवर टांगत नाही.

म्हणून या दोघांनी ओझी उचलण्याचा सराव जवळजवळ काढूनच टाकला. आठवड्यातून तीनदा पळणं: एकदा लांब आणि सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने, एकदा जोरात 400 मीटर, मग चालत दम घ्यायचा, पुन्हा जोरात, आणि एकदा पांदणीने, जिथे दर थोड्या अंतरावर थांबून काहीतरी करायचं. दहा जोर काढा, धुऱ्यावरून उडी मारा, सुतळीखालून सरपटा, पुढे पळा. उरलेल्या दिवशी लटकणं.

(दृश्य: दोन खांबांमध्ये बसवलेला लोखंडी पाइप. त्याला लटकलेला धाकटा. आजी जवळून जाते.)

"काहून रे लटकून राह्यला? खाली ये, चहा झाला."

"थांब ना आजी, मोजून राह्यलो."

"मोज मंग. थंडा झाला तर मले सांगू नको."

नुसतं लटकायचं. खांदे कानांना चिकटू द्यायचे नाहीत, थोडे खाली ओढून धरायचे. पकड सुटण्याच्या जरा आधी उतरायचं, विसावा घ्यायचा, पुन्हा लटकायचं. पूर्ण मिनिट टिकायला लागलं की एका हातावरून दुसऱ्या हातावर वजन टाकत पुढे सरकायचं. यातलं काहीच दिसायला भारी नाही, त्यामुळे रील्समध्ये ते नसतं. पण शर्यतीत माणूस पाण्यात पडतो तो छाती-दंड कमी पडले म्हणून क्वचितच. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो आणि बोटं उघडतात. त्यात आधीच्या अडथळ्याचा गारा, म्हणजे चिखल, तळव्याला असतोच. म्हणून अधूनमधून हात ओले करूनही लटकायला हवं.

ताईचा तळवा दाखवतो. वेचणीमुळे बोटांची टोकं राठ झालीत, सुकलेल्या बोंडाच्या कडांनी टोचलेल्या बारीक खुणा आहेत. घट्टे मात्र बोटांच्या मुळाशी नव्याने आलेत, पाइपमुळे. हे घट्टे वाढू दिले की लटकताना अख्खे सोलून निघतात. आंघोळीच्या वेळी पाय घासायच्या दगडाने ती ते सपाट करते आणि रात्री खोबरेल लावते.

भिंतीबद्दल थोडक्यात. पळत यायचं, एक पाय भिंतीवर कमरेच्या उंचीला टेकवून शरीर वर फेकायचं, दोन्ही हातांनी वरची कड धरायची, कोपर पलीकडे, मग टाच. पलीकडे उडी मारायची नाही, लोंबकळून सोडायचं. आणि जमत नसेल तर मदत मागायची. हौशी शर्यतीत अनोळखी माणूसही खांदा देतो, त्यात कमीपणा काही नाही.

(दृश्य: ओलीत केलेल्या हरभऱ्याच्या वावराची कड. काळा चिखल, त्यातून निघालेला बूट.)

आमच्या काळ्या मातीचा गारा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी मिळालं की ही माती फुगते आणि बुटाला धरली की सोडत नाही. चार पावलांत दोन्ही पाय जड. त्यामुळे बूट घेताना तळाला खोल आणि एकमेकांपासून लांब खाचा बघाव्यात, जवळजवळ खाचांत माती अडकून बसते. नाडी दुहेरी गाठीची. कपडे सुती नकोत. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात हे सांगताना जीभ अडखळते, पण सुती कापड पाणी पितं, लोंबतं आणि मांड्या सोलतं. भरतीच्या सरावाची पॉलिस्टरची टी-शर्ट आणि घट्ट चड्डी पुरते.

सरावासाठी शेततळ्यात मात्र उतरू नका. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. अंधारात दुसऱ्याच्या वावरातून पळू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात वीज सोडतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाला लागून गाव असेल तर पहाटेची पांदण विसरा, उजाडल्यावर गावातल्या रस्त्यावर पळा. चिखलात सरपटायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आणि उघडी जखम असेल तर त्या दिवशी सरपटू नका.

(दृश्य: रात्र. मोटारपंपाच्या पेटीपाशी बॅटरी घेऊन धाकटा.)

शेतीची लाईन पाळीने येते. रात्रीची पाळी असली की धाकटा हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो आणि पहाटे परततो. त्या आठवड्यात त्याचं पळणं निम्मं होतं. सुरुवातीला तो झोप मोडून पळायचा, मग ताईने ते बंद केलं. "झोप आंधी, रेस मंग," हे तिचं वाक्य. तिचा हिशोब बरोबर आहे: शरीर भरून निघतं ते झोपेत, आणि थकलेल्या पायाने खड्डा ओलांडताना घोटा मुरगळतो.

खाण्यात नवं काही आणलं नाही. ज्वारीची भाकर, वरण, भिजवलेले हरभरे, जवसाची चटणी, सोयीने अंडी. लांब पळून आल्यावर 1 लिटर पाण्यात 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शर्यतीच्या सकाळी कुठलीही नवी पावडर किंवा जेल पोटात घालायचं नाही, हे दोघांनी कबूल केलंय.

शेवटचा आठवडा हलका. पळणं कमी, लटकणं दोनदाच, ओझं शून्य. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं, कारण वेचणी जोरात होती आणि धडधाकट पोरगा रिकामा बसलेला कोणालाच बघवत नाही. शेवटी तडजोड झाली: तराजूवर कापूस मोजून लिहायचं काम धाकट्याकडे, गाठोडी बाबा उचलणार.

वऱ्हाडातून पुणं म्हणजे एक रात्र गाडीतच जाते. शर्यत रविवारी आहे. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढलीत, तीही अशी की शनिवारी पुण्यात पोचून दिवसभर पाय लांब करता येतील. पिशवीत दोन जोड कपडे, टॉवेल, जुने बूट, ओळखपत्र आणि चिखलाचे कपडे परत आणायला खताची एक रिकामी थैली. मावसभावाकडे उतरणार आहेत. मावशीने फोनवर विचारलंय, किती भाकरी टाकू.