खाडीतला कार्बन

(दृश्य: ऐरोली, ओहोटीची वेळ. तिवरांची रांग, उघडा पडलेला चिखल, मागे मुलुंड-ऐरोली पूल.)

ओहोटी लागली की ठाणे खाडीत ऐरोलीच्या काठाला काळा चिखल उघडा पडतो. तिवरांची श्वासमुळं बोटभर वर आलेली दिसतात. मधूनच एखादा निवटा उडी मारतो. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत पलीकडच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे असतात.

यातलं जे जे जिवंत आहे, त्याच्या रेणूंचा सांगाडा कार्बनचा आहे. तिवराचं लाकूड, चिंबोरीचं कवच, पिसांचा गुलाबी रंग, सगळं त्यातच आलं. कार्बनच्या सोबतीला हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, थोडं गंधक, थोडा फॉस्फरस. सामान एवढंच. मग लाकूड कडक आणि भात मऊ, असं का? अणूंची यादी कितीही बारकाईनं वाचली तरी याचं उत्तर मिळत नाही. उत्तर आहे ते अणू एकमेकांना कसे जोडले गेले त्यात.

(दृश्य: वाशी पुलावरून दक्षिणेकडे, दूरवर ट्रॉम्बेची टेकडी.)

ही गोष्ट माणसाच्या लक्षात आली ती युरियामुळे. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी अमोनियम सायनेट तापवलं आणि हाती आला युरिया, म्हणजे मूत्रात सापडणारा पदार्थ. शरीरातले पदार्थ शरीराबाहेर बनूच शकत नाहीत, त्यांना कुठलीतरी जीवनशक्ती लागते, असं तेव्हा मानलं जाई. या समजाला पहिला मोठा तडा गेला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी बाब. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोन्हींत अणू तेच आहेत आणि तितकेच आहेत. एकही वाढला नाही, एकही कमी झाला नाही. फक्त जागा बदलल्या, आणि पदार्थ बदलला. आज खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून युरिया तयार होतो.

कार्बनची संयुजा चार, म्हणजे तो चार बंध करतो, हे दहावीच्या पुस्तकात आहे. पुस्तकाच्या सपाट पानावर मात्र एक गोष्ट दिसत नाही. ते चार बंध एका पातळीत नसतात. चार दिशांना, एकमेकांपासून शक्य तितके लांब, साधारण १०९.५ अंशांच्या कोनात ते पसरलेले असतात. १८७४ साली फान्ट हॉफ आणि ल बेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे मांडलं. रेणूला लांबी-रुंदीसोबत खोलीही मिळाली. आणि खोली आली म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ यांना अर्थ आला.

(दृश्य: ताटात वाफाळता भात. त्यावरून थेट तिवराच्या खोडाचा जवळून घेतलेला काप.)

आता हा भात आणि हे लाकूड पाहा. भातातला स्टार्च ग्लुकोजचा बनलेला. लाकडातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. दोन्हीकडे ग्लुकोजचे हजारो रेणू ओळीनं जोडलेले, आणि जोडणीची मुख्य जागाही एकच: एका ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि पुढच्याचा चौथा.

ग्लुकोजच्या कड्यात त्या पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. ती कड्याच्या खालच्या अंगाला असली तर अल्फा, वरच्या अंगाला असली तर बीटा. पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज या दोन रूपांत सारखं अदलाबदल करत असतं. पण साखळीत अडकलं की ती बाजू कायमची ठरते. अल्फा बंधांची साखळी वळत जाते, तिचं वेटोळं होतं. शाळेत भातावर आयोडिनचा थेंब टाकून निळा-काळा रंग पाहिलेला असतो. तो रंग आयोडिन या वेटोळ्यात जाऊन बसल्यामुळे येतो. बीटा बंधांत मात्र प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्याच्या उलट्या अंगावर असतं, त्यामुळे साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारीशेजारी बसतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. असा एकेक बंध दुबळा. पण काथ्याचा एक धागा हातानं तुटतो आणि त्याच धाग्यांचा दोर होडी ओढतो, तसं इथे होतं. भरती-ओहोटीचा मार खात तिवर उभं राहतं, त्यात या दोराचा वाटा मोठा आहे.

आपल्या लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) अल्फा बंध तोडतं. म्हणून भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो. बीटा बंध तोडणारं विकर माणसाच्या शरीरात बनतच नाही. तबेल्यातल्या म्हशीच्याही नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात आणि म्हशीला पेंढ्यावर जगता येतं. एका अणूसमूहाची बाजू बदलते, आणि कुणाचं अन्न काय, हेच बदलून जातं.

(दृश्य: ठाण्यातला मासळी बाजार. टोपलीत बांधलेल्या चिंबोऱ्या.)

“मावशी, भरलेली बघून द्या हां.”

“दाबून बघ की, ताई. कडक हाय.”

मावशी कवच दाबायला सांगते, कारण नुकती कात टाकलेली चिंबोरी मऊ लागते आणि तिच्यात पाणीच जास्त असतं. हे कवच कायटिन नावाच्या पदार्थाचं, त्यात प्रथिनं आणि चुनखडीचे क्षार. कायटिनची साखळीही बीटा बंधांचीच. फक्त प्रत्येक कड्याच्या दुसऱ्या कार्बनवर नायट्रोजन असलेला एक समूह येऊन बसलेला. त्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना आणखी घट्ट धरतात.

चिंबोरी शिजली की लाल होते, तो रंग मसाल्याचा नव्हे. कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य आधीपासून असतं. जिवंतपणी ते प्रथिनाच्या घडीत पकडलेलं असतं, म्हणून कवच हिरवट-करडं दिसतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि तिची घडी दुबळ्या बंधांवर टिकलेली. उकळत्या रश्श्यात ती घडी उलगडते, रंगद्रव्य सुटतं. मेद आणि डीएनए यांनाही रेणूंच्या या कुटुंबात मानाची जागा आहे, पण आजचा वेळ मी या रंगाला देणार आहे.

(दृश्य: फ्लेमिंगोंचा थवा पाण्यावरून उठतो.)

कारण तोच रंग पुढे या पंखांत भेटतो. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. गुलाबी रंग येतो अन्नातून: लहान फ्लेमिंगो सूक्ष्म शैवाल गाळून खातो, मोठा फ्लेमिंगो बारीक कवचधारी जीवही खातो. त्यांतली कॅरोटिनॉइड्स नावाची रंगद्रव्यं शरीरात थोडी बदलून पिसांत उतरतात. त्यांपैकीच एक असलेल्या बीटा कॅरोटीनमध्ये ४० कार्बन असतात आणि ११ द्विबंध, म्हणजे दुहेरी बंध, एकाआड एक. असे द्विबंध रांगेत आले की त्यांतले इलेक्ट्रॉन एका जागी राहत नाहीत, सबंध साखळीभर पसरतात. मग ती साखळी निळा-हिरवा प्रकाश शोषते आणि उरलेला लाल-केशरी प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. तेच द्विबंध लांब लांब विखुरले असते, तर कार्बन तितकेच असूनही पीस बिनरंगी राहिलं असतं.

(दृश्य: पुन्हा चिखल, अगदी जवळून.)

आता हा चिखल. तिवराची पानं यात पडतात. बुरशी आणि जिवाणू सेल्युलोजचे बीटा बंध कापत जातात. पण पृष्ठभागाखाली थोडंसंच गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला येणारा तो उग्र वास त्याचाच. तोच वायू चिखलातल्या लोहाशी जुळतो आणि चिखल काळा होतो. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या पदार्थाचे बंध तर ऑक्सिजनशिवाय जवळजवळ तुटतच नाहीत. म्हणून इथला कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहू शकतो.

२०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तरी खाडीच्या काठाला खारफुटीवर राडारोडा पडताना दिसतो, आणि ते पाहून जीव तुटतो. पाण्याची ये-जा थांबते, तिवर मरतं, चिखल सुकून भेगाळतो. भेगांतून हवा आत शिरते, ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि गाडलेला कार्बन आता कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जायला लागतो.