तांबडी पेशी, मेंदू आणि एक जाळी
(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, निवेदकांनी आजचा विषय वाचला: ‘तांबड्या पेशी आणि मेंदूच्या पेशी यांना घडवणारी प्रथिनं’. तो ऐकताच दोघं जण हळूच दाराजवळच्या खुर्च्यांवर सरकले, ते मला इथून दिसलं. (हशा) सरका, पण बसा. मला पाऊण तास दिला आहे. निम्मा रक्ताला आणि निम्मा मेंदूला, असं घरून ठरवून आले आहे.

बोलणार मराठीतच. सयाजीराव महाराजांनी याच गावात १८९० साली कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं आणि रंगकामापासून यंत्रापर्यंतचं शिक्षण देशी भाषेतून सुरू केलं. तेव्हा जमलं, तर आज एका पेशीबद्दल बोलायला काय हरकत आहे? अडलं तिथे इंग्रजी नाव सरळ मराठी अक्षरांत बोलेन. नावाने कोणाचं पोट दुखत नाही.

तर तांबडी पेशी. आपल्या अंगात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तयार होतात आणि तेवढ्याच मोडीत निघतात. एकेकीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. आतमध्ये केंद्रक नाही, दुरुस्तीखातं नाही, नवीन प्रथिन करायची सोय नाही. जन्मताना जे मिळालं तेवढ्यावर चार महिने काढायचे. व्यास साडेसात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जायचं कुठून? पाच मायक्रॉनच्या केशवाहिनीतून. त्याहून बिकट वाट प्लीहेत, म्हणजे आपल्या पानथरीत. तिथल्या फटी एक मायक्रॉन किंवा त्याहूनही अरुंद. त्यातून ही आठ मायक्रॉनची बाई अंग चोरून पलीकडे जाते आणि पुन्हा होती तशी होते.

हे कसं जमतं? गणित सोपं आहे. पेशीच्या आत माल आहे सुमारे ९० घनमायक्रॉन. तेवढा माल गोळ्यात भरायचा तर ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरतं. पेशीकडे असतं १४० च्या आसपास. म्हणजे कापड ऐसपैस, माल कमी. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दबलेली चकती होते आणि हवी तशी वाकते. बरं, हे आवरण वाकतं, पण ताणत नाही. तीन-चार टक्क्यांपुढे ताणलं की फाटलंच. सगळी मदार त्या जास्तीच्या कापडावर. ते कापड ज्याने जागेवर धरून ठेवलंय त्याच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. पण त्याआधी एक तक्रार आहे, ती काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हल्ली रक्त कोणी बघत नाही.

मोजतात, बघत नाहीत. नळी यंत्रात जाते, मिनिटाभरात वीसेक आकडे कागदावर येतात. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. हाताने पेशी मोजून डोळे फोडून घेणाऱ्या पिढीतली मी आहे, यंत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले होते. पण एक थेंब काचेवर ओढायचा, लिशमनच्या रंगात रंगवायचा आणि भिंगाखाली पाच मिनिटं डोळ्याने पाहायचं, हे काम यंत्र आल्यावर आपण बंद का केलं? काचेची किंमत किती, रंगाची किती? सभागृहाबाहेर सेवउसळ खाल त्यापेक्षा कमी.

एका मुलीची गोष्ट सांगते. वय अकरा-बारा. वर्षातून दोनदा-तीनदा डोळे पिवळे व्हायचे, चेहरा फिका. आई फाइल घेऊन आली. फाइल कसली, चांगली दोन किलोची पोतडी. प्रत्येक वेळी निदान ‘कावीळ’. काविळीची माळ घालून झाली, ती डोक्यावरून गुडघ्यापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली असं समजायचं. ती उतरायची आणि पुन्हा चढायची. उसाचा रस झाला, पथ्य झालं, पोरीला दोन वर्षं तेलाचा थेंब दिला नव्हता. दिवाळीतसुद्धा! वडील शेजारी बसलेले. म्हणाले, “डॉक्टर, आमचं घराणंच पित्ताचं. माझं पित्ताशय तिसाव्या वर्षी काढलं, खडे होते. माझ्या आईचे डोळे तर लग्नातल्या फोटोतही पिवळे आहेत.” मी म्हटलं, काळ्यापांढऱ्या फोटोत? (हशा) पण माणूस अगदी मोलाचं बोलून गेला होता. तीन पिढ्या, फिकेपणा, कावीळ, तरुणपणी पित्ताशयात खडे. हे पित्त नव्हे हो, हे रक्त फुटतंय. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून बिलिरुबिन होतं, त्याचेच खडे बनतात.

पोतडीतले सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे कागद, काढून रांगेने मांडले. एमसीएचसी नावाचा आकडा असतो, पेशीत हिमोग्लोबिन किती दाटीने भरलंय ते सांगतो. तो ३६ च्या वर गेला की माणसाने दचकायला हवं. प्रत्येक कागदावर तो वर होता, यंत्राने बिचाऱ्याने शेजारी चांदणीसुद्धा छापली होती. आणि खाली शेरा: ‘तांबड्या पेशी नॉर्मोसायटिक, नॉर्मोक्रोमिक’, म्हणजे आकार आणि रंग दोन्ही ठीक. एका लॅबला फोन लावला, कुठली ते जाऊ द्या. विचारलं, हा शेरा लिहिला कोणी? पलीकडून मुलगा म्हणाला, “मॅडम, तो कोणी लिहीत नाही, तो आपोआप येतो.” (हशा) हसू नका. तुमच्याही रिपोर्टवर तो आपोआपच आलेला असू शकतो.

मी थेंब काचेवर घेतला. ऑइल इमर्शनखाली निरोगी पेशीच्या मध्यभागी फिकट वर्तुळ दिसतं, व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. हिच्या कितीतरी पेशींना ते नव्हतंच. लहान, गडद, गच्च गोल. मग वडिलांच्या बोटाला सुई टोचली; त्यांच्याही तशाच. पुढे मिठाच्या पातळ पाण्यात पेशी लवकर फुटतात का तेही पाहिलं, फुटल्या. वंशपरंपरागत स्फेरोसायटोसिस, म्हणजे गोळा झालेल्या पेशींचा आजार. बेल्जियममध्ये व्हानलेर आणि मॅसियस यांनी १८७१ सालीच वर्णन करून ठेवलेला आजार! आजीला कळलं तेव्हा ती माझ्यावरच रागावली, “म्हणजे मी पन्नास वर्षं आंबट सोडलं ते फुकटच?”

आता ती पेशी गोल का झाली? इथे माझी जाळी येते. सुंभाने विणलेली जुनी बाज आठवा, वर गोधडी टाकलेली. गोधडी म्हणजे पेशीचं मेदाचं आवरण. खालची वीण म्हणजे स्पेक्ट्रिन नावाचं प्रथिन. १९६८ साली मार्चेसी आणि स्टीअर्स यांनी तांबड्या पेशींच्या रिकाम्या आवरणांतून ते वेगळं काढलं. अल्फा आणि बीटा अशा दोन लांब साखळ्या एकमेकींना गुंडाळतात, अशा दोन जोड्या टोकाला टोक जोडून सुमारे २०० नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याएवढा धागा होतो. एका पेशीत असे लाखभर धागे. ते अ‍ॅक्टिनच्या आखूड कांड्यांवर येऊन मिळतात, गाठीवर ४.१ नावाचं प्रथिन बसतं आणि बहुतेक षट्कोनी घरांची वीण तयार होते. डिटर्जंटने मेद सगळा धुऊन काढला तरी वीण मागे राहते. पण गोधडी विणीला बांधलेली नसेल तर सरकणार. बांधणारं प्रथिन अँकायरिन. १९७० च्या दशकाच्या शेवटी व्हान बेनेट यांनी ते ओळखलं. ते एका हाताने स्पेक्ट्रिन धरतं, दुसऱ्या हाताने आवरणातलं ‘बँड ३’ नावाचं प्रथिन.

त्या मुलीसारख्या घराण्यांत बहुतेकदा अँकायरिनच्या जनुकात खोट असते. कधी बँड ३ मध्ये, कधी स्पेक्ट्रिनमध्ये. बांधणी ढिली पडली की आवरणाचे बारीक बुडबुडे सुटून जातात. माल तेवढाच, कापड कमी. १४० चे ९७ च्या दिशेने जायला लागले की पेशीला गोळा होण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गोळा पानथरीच्या फटीत अडकून मरतो. म्हणून पानथरी काढली की दोष तसाच राहतो, पण पेशी जगतात. मात्र आधी न्यूमोकॉकसची लस द्यावी लागते.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’. अहो, मेंदू अजून पिशवीतच आहे! आणि मला मध्ये डॉक्टर भेंड्यांबद्दलही सांगायचं होतं. १९५२ साली मुंबईत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘बाँबे’ रक्तगट शोधला, तोही तांबड्या पेशीच्या पृष्ठभागाचाच किस्सा. राहू दे. पुन्हा बोलावलंत तर.

बरीच वर्षं समजूत अशी होती की स्पेक्ट्रिन ही फक्त तांबड्या पेशीची मिरास. १९८१-८२ च्या सुमाराला ते मेंदूत सापडलं, आणि थोडंथोडकं नाही, भरपूर. पण तिथे ते कसं रचलंय हे दिसायला २०१३ उजाडलं. शाओवेई झुआंग यांच्या प्रयोगशाळेने नव्या धाटणीच्या सूक्ष्मदर्शकातून चेतापेशीचा लांब तंतू पाहिला: आवरणाच्या आतून अ‍ॅक्टिनची कडी, एकामागे एक, दर १९० नॅनोमीटरवर, आणि दोन कड्यांच्या मध्ये स्पेक्ट्रिन. अंतर स्पेक्ट्रिनच्या धाग्याएवढंच! रक्तात हा धागा आखडून बसतो आणि पेशी पिळली गेली की उलगडतो. तंतूत तो जवळपास पूर्ण ताणूनच ठेवलेला असतो.

कशाला लागतो तिथे? तुमच्या पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू मीटरभर लांब असतो, आणि तुम्ही दिवसभर गुडघे वाकवता. २००७ चा एक प्रयोग मला फार आवडतो. सी. एलेगन्स या एवढ्याशा कृमीतून बीटा स्पेक्ट्रिन काढून टाकलं, तर वळवळताना त्याचे चेतातंतू तुटू लागले. तोच कृमी लुळा करून ठेवला, तर तंतू शाबूत! पानथरीची फट असो की वळवळणारं अंग, ओढाताण सोसणारं प्रथिन एकच.

तुम्ही विचाराल, मग त्या मुलीचा मेंदू बिघडायला हवा होता. नाही बिघडत, कारण घराणं एक असलं तरी भाऊबंद वेगळे. अँकायरिन-१ चं मुख्य ठाणं रक्तात. मेंदूत मुख्यतः दुसरं आणि तिसरं. तिसरं, ज्याला अँकायरिन-जी म्हणतात, तंतूच्या मुळाशी सोडियम आत सोडणारी दारं गोळा करून बसवतं. संदेश तिथूनच सुटतो. स्पेक्ट्रिनचंही तसंच. अनुमस्तिष्कातलं, म्हणजे लहान मेंदूतलं, बीटा-३ स्पेक्ट्रिन बिघडलं की चालण्याचा तोल जातो. २००६ साली हा दोष ज्या मोठ्या अमेरिकन कुटुंबात सापडला, ते अब्राहम लिंकनच्या आजी-आजोबांचा वंश. अकरा पिढ्या. आमचं घराणंच पित्ताचं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं! (हशा)

शेवटचं, घाईतच सांगते. काही आजारांत मात्र एकाच जनुकाच्या खोटीने रक्त आणि मेंदू दोन्ही बिघडतात. विशी-तिशीतला माणूस, हातपाय नकळत नाचतात, जेवताना जीभच घास बाहेर ढकलते, जीभ-ओठ चावले जाऊन जखमा होतात. घरचे देवऋष्याकडे नेतात, नाहीतर मानसोपचाराकडे. काचेवर पाहिलं तर तांबड्या पेशींना वेडेवाकडे काटे. हा कोरिया-अकँथोसायटोसिस, त्याचं जनुक व्हीपीएस१३ए, २००१ साली सापडलं. ते प्रथिन एका आवरणातून दुसऱ्यात मेद वाहून नेतं. दुसरा मॅकलिऑड सिंड्रोम, बहुतांशी पुरुषांना होणारा, एक्सके जनुकाचा. १९६१ साली मॅकलिऑड नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात केल नावाच्या रक्तगटाची खूण कमजोर निघाली, त्यावरून तो लक्षात आला. गेल्या काही वर्षांत कळलंय की ही दोन्ही प्रथिनं एकमेकांना धरूनच असतात.

इथल्या डॉक्टर मंडळींसाठी दोन गोष्टी. हे काटे नेहमीच्या वाळवलेल्या स्लाइडवर हुकू शकतात. रक्त हेपरिन घातलेल्या सलाइनमध्ये निम्मं करून ओलंच पाहा, सोबत सीके (स्नायूंतलं एक एन्झाइम) तपासा. आणि मॅकलिऑडचा संशय असेल तर केल गटाची तपासणी झाल्याशिवाय रक्त चढवू नका. एकदा अंगात प्रतिद्रव्यं तयार झाली की त्याला जुळणारी बाटली मिळवणं महाकठीण.

लाल दिवा लागला. प्रश्न बाहेर विचारा, लिलो चेवडो ठेवलाय तिथे.