लाभ, दोन, तीन

नमस्कार मंडळी. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलायचंय, मापणे. परत सांगते, मोजणे नाही, मापणे. पोती मोजायची आणि जवारी मापायची. सुटे नग असले की मोजायचे, रास असली की मापात भरून मापायची. 1958 पासून किलो आले, धान्य मापायचं भांडं, म्हणजे पायली, अडगळीत गेली आणि हे क्रियापदही मागं पडलं, आता जो तो सगळंच मोजतो. पण उत्सुकता शिगेला पोचली असं आपण म्हणतो ना, ती शीग मापाचीच, माप काठोकाठ भरल्यावर वर दाण्यांचा जो उभा ढीग राहतो ती शीग.

आमच्या खळ्यावर आजोबा शाळूची, म्हणजे रब्बीच्या जवारीची, रास मापायला बसायचे. तर मापताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन, आणि पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवायचा, दोन दोन दोन, म्हणजे विसरायला नको. मी सात वर्षांची, शाळेत नुकतेच अंक शिकलेले, पहिली पायली भरली तशी मी मोठ्यानं म्हणाले, एक! आजोबांनी भरलेली पायली राशीवर परत ओतली आणि नव्यानं लाभ म्हटलं. रागावले नाहीत. माझ्या ओंजळीत खडे दिले, म्हणाले, मी मापतो, तू मोज, दर पायलीला एक खडा बाजूला ठेव.

शेवटी त्यांचा आकडा आला 46 आणि माझे खडे भरले 47. सगळे म्हणाले पोरगी चुकली, पोती शिवा. आजोबा म्हणाले थांबा, कंदील आणा. पोत्यांची तोंडं सोडली, सगळी जवारी परत खळ्यात ओतली आणि पुन्हा लाभपासून सुरुवात, जेवणं तशीच राहिली, मी पुन्हा खडे ठेवत बसले.

47 भरली!

ती वरची पायली आजोबांनी शिगोशीग भरली, आईला हाक मारली, पदर पसरायला सांगितला आणि त्यात ओतली. म्हणाले, ही पोरीची, हिचं पीठ वेगळं दळा.