फळ्यावर आज काय लिहायचं?

नमस्कार मंडळी. समोरचे निम्मे चेहरे खानावळवाल्यांचे आहेत आणि मागच्या बाकांवर रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, बसलेत. दोघांच्या देखत माशाच्या भावाबद्दल बोलायचं तर जपून बोलायला हवं. पण जपून बोलत राहिल्यानेच आपण इथवर आलोय, म्हणून सरळ बोलते.

मालवणात मी २२ वर्षं खानावळ चालवते. आठ टेबलं, आत आम्ही चौघी, आणि दारात एक काळा फळा. सकाळी किनाऱ्यावरून आले की त्या फळ्यावर खडूने थाळ्या लिहायच्या. बरीच वर्षं हे काम मी न बघता करायचे. सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी. खडू आपोआप चालायचा. आता खडू हातात घेऊन उभी राहते आणि विचार करावा लागतो. आजचं माझं बोलणं त्या फळ्याबद्दलच आहे.

आधी एक हिशेब मांडते, कारण गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. समजा ३ किलोची सुरमई आहे आणि भाव ६०० रुपये किलो. मासा पडला १८०० रुपयांना. डोकं कालवणात जातं, शेपटी, कल्ले, पोटातली घाण निघते. तुकड्यांसाठी राहते २ किलोंच्या थोडी वर. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बोटभर जाडीचे तुकडे पाडले की साधारण १५ निघतात, एकेक १४० ग्रॅमचा. म्हणजे कच्चा तुकडाच १२० रुपयांना पडला. त्यात तांदूळ, नारळ, कोकम, तेल, रवा, व्यापारी गॅसचा १९ किलोचा सिलिंडर, बायकांचा पगार, जागेचं भाडं. नारळाचा भाव गेल्या दोन वर्षांत कुठे गेला ते तुमच्या घरातही कळलंय, आणि आमच्याकडे कालवणापासून सोलकढीपर्यंत नारळाशिवाय पान हलत नाही.

आता तीच सुरमई ९०० रुपये किलो झाली. मासा २७०० चा, तुकडा १८० चा. थाळीमागे नुसते माशाचेच ६० रुपये वाढले. थाळीचा भाव ६० रुपयांनी वाढवला तर शेजारी ती जुन्याच भावात मिळतेय. मग काय करायचं? आडाळ्यावर हात थोडा सरकवायचा. १५ ऐवजी २२ तुकडे पाडायचे. तुकडा पुन्हा १२३ रुपयांवर येतो आणि कागदावर हिशेब बसतो. पण १४० ग्रॅमचा तुकडा आता ९५ ग्रॅमचा झालेला असतो.

मी हे केलंय. एक अख्खा हंगाम केलंय. पातळ तुकडा तव्यावर टाकला की रवा लाल व्हायच्या आत आतलं पाणी आटतं. कडा वर उचलल्या जातात, मधला काटा उघडा पडतो, आणि मासा लाकडाच्या ढलपीसारखा कोरडा लागतो. भाकऱ्या करणाऱ्या मावशी एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यो तुकडो आपल्या घरात कोणाच्या पानात वाढशात काय गे?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे केली. चार दिवस वारं होतं, होड्या गेल्या नव्हत्या. पण शनिवार-रविवार लागून सुट्टी होती आणि गाव पर्यटकांनी भरलेलं होतं. एका व्यापाऱ्याने बाहेरून आलेली बर्फातली सुरमई आणून दिली. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी, मांस बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी ती घेतली, मसाला जास्त लावला आणि फळ्यावर लिहिलं, "ताजी सुरमई". कोणी आजारी पडलं नाही, कोणी तक्रारही केली नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मालवणात बसून मासा खाल्ला, त्याला मी तो खाऊ घातला. व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, तो शब्द माझ्या हाताने लिहिलेला होता.

आता मासा कमी का झाला, याच्याकडे येते. मागच्या बाकांवरच्यांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, पण पुढच्या बाकांवर अजूनही "हल्ली मिळत नाही" एवढ्यावरच विषय संपतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१९ सालची महाराष्ट्राची मासळी मोजली तेव्हा ती २.०१ लाख टन भरली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्या वर्षी ऐन हंगामात क्यार आणि महा ही वादळं एकापाठोपाठ आली. पुढच्या जूनमध्ये निसर्ग, त्याच्या पुढच्या मे महिन्यात तौक्ते. वादळ किनाऱ्यावर आपटलं नाही तरी ते समुद्रात आहे तोवर होडी बंदरातच. खलाशाचा पगार, बँकेचा हप्ता मात्र चालूच असतो.

वादळ आपल्या हातात नाही, पण जाळं आहे. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला निर्बंध आणले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये बदल करून दंड वाढवले. कागद भरपूर झालेत. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की लांब पाण्यावर पांढरा उजेड दिसतो, हे इथे बसलेल्यांपैकी कोणी नाकारणार नाही. त्या उजेडाखाली मोठा मासा येतो तसं पिल्लूही येतं.

आणि इथे मला आपल्या धंद्याकडे बोट करायचं आहे. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, म्हणजे अंडी घालायच्या आधीच मासा उचलला जाऊ नये. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७० मिलिमीटर. आता खानावळवाल्यांनी मनाशी आठवून बघा. थाळीत अख्खं पापलेट देता यावं म्हणून आपण किनाऱ्यावर काय मागतो? "थाळीचा साइज". मोठं पापलेट परवडत नाही, मग तळहाताएवढं मागतो. आपण मागतो म्हणून ते टोपलीत वेगळं काढलं जातं, त्याला गिऱ्हाईक आहे म्हणून बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं जाळं पाण्यात पडतं. पर्ससीनवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्यात. पण ते पिल्लू शेवटी माझ्याच तव्यावर येत होतं.

मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ऑइल पेंटने दोन रेघा मारून घेतल्या आहेत. एक १३५ ची, एक ३७० ची. टोपली आली की मासा रेघेवर ठेवायचा. सुरुवातीला मासे देणारीला राग आला, "वयनी, माज्यार इस्वास नाय?" म्हणाली. आता ती स्वतःच वेचून आणते.

भाव वाढला म्हणजे मच्छीमाराची चांदी झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. भाव दुप्पट होतो तेव्हा टोपली निम्म्याहून खाली आलेली असते. रापण ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात, आणि वाटे पडतात तेव्हा एकेकाच्या हातात डाळ-तांदळाचेही पैसे येत नाहीत असे दिवस मी पाहिलेत. यांत्रिक होडीचं डिझेल सुटत नाही म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होडी काढतच नाही. आणि उलटं बघा: एखाद्या दिवशी बांगडा किंवा तारली एवढी लागते की भाव कोसळतो, टेम्पो भरभरून माल बाहेर जातो, बराचसा मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात. त्या दिवशी आमच्या फळ्यांवर काय असतं? सुरमई थाळी, पापलेट थाळी. दारात स्वस्त, ताजा, चमकणारा मासा पडलाय आणि आम्ही महागडी सुरमई शोधत फिरतोय. याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं पर्यटकामुळे झालं असं म्हणायची पद्धत आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि मग गाड्या भरभरून माणसं यायला लागली. त्यांच्यावरच माझं घर चाललं, दोन मुलांची शिक्षणं झाली. पुण्या-कोल्हापूरचा माणूस सुरमईच मागतो, कारण आपणच त्याला दोनच नावं शिकवली. पेडवे, सौंदाळे, कर्ली, मुडदुशे, शेंगटी ही नावं आपण आपल्या जेवणात ठेवली आणि फळ्यावर कधी आणलीच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी फळा बदलला. किनाऱ्यावर जे ताजं मिळेल तेच, आणि भाव रोजचा रोज. पहिले काही महिने फार कठीण गेले. एक कुटुंब पुण्याहून आलं होतं. "मालवणात येऊन सुरमई नाही?" असं म्हणून बसलेलं टेबल सोडून गेलं. लहान मुलगी मागे वळून पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती, तिला तहान लागली होती. मी तिला पाणी दिलं. ते शेजारी गेले.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, नाहीतर उद्या तुम्ही माझं ऐकून फसाल. लहान मासा ताटात आल्यावर स्वस्त राहत नाही. सुरमई साफ करून तुकडे करायला दहा मिनिटं लागतात. एक टोपली पेडवे साफ करायचे तर दोघी बायका दीड-दोन तास बसतात. खवले, डोकं, पोट, प्रत्येकाचं वेगळं. बोटांना काटे लागून हात सुजतात. ती मजुरी थाळीत धरावीच लागते. म्हणून माझी पेडव्यांची थाळी सुरमईच्या निम्म्या भावात नाही. थोडीच कमी आहे. पण त्यातले पैसे बर्फाला आणि टेम्पोभाड्याला न जाता त्या दोघींच्या घरी जातात.

काट्यांची भीती हा दुसरा प्रश्न. कर्लीला काटे फार, पण तिरकी बारीक चिरून खरपूस तळली की काटा जिभेला कळत नाही. आम्ही टेबलाशी उभं राहून सांगतो, लहान मुलांना मुडदुशे देतो, कारण त्यांचा मधला काटा एका ओढीत निघतो. बांगडा तिरफळं घालून केला की ज्याने आयुष्यभर सुरमईच खाल्ली तो माणूसही वाटी पुढे करतो. गिऱ्हाइकं परत आली. सगळी नाही आली.

पावसाळ्याबद्दल विचारतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा बर्फातून इकडे येऊ लागतो आणि पुष्कळ खानावळी त्यावर चालतात. तो विकायला माझी हरकत नाही. तो इथला म्हणून विकायला आहे. मी स्वतः त्या दोन महिन्यांत आगोटच्या बेगमीवर चालते. मे महिन्यात बंदरावर वाळवलेले बांगडे, सोडे, जवळा, बोंबील घेऊन ठेवते. उन्हात चांगला खडखडीत वाळलेला बांगडा पत्र्याच्या डब्यात श्रावणापर्यंत टिकतो, मग पुढे श्रावणात अर्ध्या गावाचं मासे खाणं बंदच असतं.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मुलाने विचारलं. त्याने नुकतीच देवबागला खानावळ काढली आहे, कर्ज काढून. म्हणाला, "काकी, चार दिवस वारा असेल, काहीच मिळालं नाही, तर फळ्यावर काय लिहायचं?" त्याला तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आता देते. मागच्या डिसेंबरात माझ्यावर तो दिवस आला होता. सकाळी किनाऱ्यावर एक टोपली नव्हती, होड्या वर ओढून ठेवलेल्या. मी घरी येऊन फळा पुसला आणि लिहिलं: आज समुद्रात वारा आहे, होड्या गेल्या नाहीत. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, चुलीवर भाजलेला सुका बांगडा, सोलकढी. भाव १५० रुपये.

पहिली दोन टेबलं वाचून निघून गेली. तिसऱ्या टेबलावर एक वयस्कर जोडपं बसलं, मूळचे वेंगुर्ल्याचे, ४० वर्षं डोंबिवलीत. आजोबांनी पिठीत भात कालवला, बांगड्याचा तुकडा मोडून वर ठेवला आणि पहिला घास घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आजींनी आत येऊन मावशींना विचारलं की कुळीथ कुणाकडून घेता. तीन वाजता पातेलं धुवायला गेलं.