हुकूम कोणाच्या जोरावर चालतो?

मार्च १९२०, बर्लिन. त्या दिवसांच्या छायाचित्रांत सशस्त्र सैनिक दिसतात, लष्करी गाड्या दिसतात, जुन्या साम्राज्याचे ध्वज दिसतात. १३ मार्चच्या पहाटे एर्हार्ट ब्रिगेड ही बंडखोर लष्करी तुकडी जर्मनीच्या राजधानीत घुसली. निवडून आलेलं सरकार शहर सोडून निघून गेलं, कारण त्याच्या रक्षणासाठी गोळी चालवायला लष्कराचे वरिष्ठच तयार नव्हते. बंडाचे पुढारी वोल्फगांग काप यांनी स्वतःला चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, जाहीर केलं. इमारती त्यांच्या ताब्यात, बंदुका त्यांच्या बाजूला. राज्य मात्र चालेना.

कामगार सार्वत्रिक संपावर गेले. बर्लिनमधली वीज गेली, पाणी तुटलं, ट्राम बंद पडल्या. मंत्रालयांतले अधिकारी नव्या चान्सलरचे आदेश मानेनात. मध्यवर्ती बँक पैसे देईना. १७ मार्चला काप पायउतार झाले.

सत्ता ही खुर्चीतल्या माणसाच्या अंगची ताकद, असं आपण धरून चालतो. पण हुकूम देणारा एक असतो आणि तो अमलात आणणारे असंख्य. कागदावर शिक्का मारणारा कारकून, वीजकेंद्रातला कामगार, दाराशी उभा असलेला शिपाई रोज कामावर येतात, म्हणून हुकूम चालतो. मग ते का ऐकतात? शिक्षेची भीती असते, पोटापाण्याची काळजी असते, लहानपणापासूनची सवय असते. ‘यांना तसा अधिकारच आहे’ ही समजूत मला भीतीपेक्षाही बळकट वाटते. तिच्यावर पहारा बसवावा लागत नाही. आणखी एक कारण आहे, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही: आजूबाजूचे सगळे निमूट ऐकताना दिसतात.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी काही प्रयोग सुरू केले. सहभागी माणसाला सांगितलं जाई, पलीकडच्याचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या आणि दर चुकीला तो वाढवत न्या. झटके खोटे होते, पण हे त्याला सांगितलेलं नसे. एका मालिकेत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. कुणी बंदूक रोखली नव्हती, धमकी दिली नव्हती. करड्या कोटातला एक माणूस ‘पुढे चला’ एवढंच सांगत होता. कितीतरी जण घामाघूम झाले, थरथरले, तरी बटण दाबत राहिले.

नंतर मिलग्रॅम यांनी मांडणी बदलली. आता शेजारी आणखी दोघे बसत. ती त्यांचीच माणसं होती, आणि ठरल्याप्रमाणे एकामागून एक दोघेही मध्येच नकार देत. या वेळी ४० पैकी ३६ जण शेवटापर्यंत गेलेच नाहीत. नाही म्हणण्याची इच्छा यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात आधीपासून असणार. शेजारच्याने ती उघडपणे करून दाखवली, एवढाच फरक.

म्हणूनच नकार किती जणांना दिसतो, याला इतकं महत्त्व आहे. मे १९८९ मध्ये चीनच्या ३८व्या सैन्यदलाचे प्रमुख शू छिनश्येन यांना निदर्शकांविरुद्ध बीजिंगमध्ये सैन्य नेण्याचा हुकूम मिळाला. त्यांनी तो मानला नाही. विलक्षण धैर्य होतं ते. पण तो नकार वरिष्ठांसमोर, बंद दाराआड दिला गेला. शू यांना पदावरून दूर करून पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि त्यांचं सैन्यदल दुसऱ्यांच्या हुकमाखाली राजधानीत शिरलं.