पाठीवर वारा, पायाखाली जुनी रेल्वे

(दृश्य: इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हाइटहेवन बंदर, सकाळ. धक्क्याच्या उतरणीवर दोन लादलेल्या सायकली, मागची चाकं पाण्यात.)

इथला रिवाज असा: निघताना सायकलचं मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि देश आडवा ओलांडून गेल्यावर पुढचं चाक उत्तर समुद्रात. मधलं अंतर सुमारे २२५ किलोमीटर. या वाटेला 'सी टू सी' म्हणतात. सस्ट्रान्स या संस्थेनं ती आखली आणि १९९४ मध्ये खुली केली. लांब पल्ल्याची सायकल पहिल्यांदाच चालवणारे पुष्कळ जण हीच वाट धरतात, आणि जवळजवळ सगळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. कारण वारा. या बेटावर तो बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. पाठीवर घेतला तर ढकलत नेतो, तोंडावर घेतला तर सपाट रस्त्यावरही पहिला गिअर पाडायला लावतो.

आम्ही दोघं नवराबायको, राहणार इंग्लंडमध्येच. सामान म्हणाल तर पॅनियर बॅगांत कपडे, रेनकोट, जास्तीच्या ट्यूबा, पंक्चरचं किट. आणि नवऱ्याच्या आग्रहाखातर शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा, ज्यावर पहिल्याच चहाच्या वेळी निम्मा हात मारून झाला.

मागे ती उंच चिमणी दिसतेय ना, ती वेलिंग्टन कोळसाखाणीची. खाणीचे बोगदे समुद्राच्या तळाखालून गेले होते. १९१० च्या मे महिन्यात आत आग लागली आणि १३६ माणसं आणि पोरं तिथंच राहिली. पोरं हा शब्द मुद्दाम वापरतेय. त्यातली कित्येक आज शाळेत असायच्या वयाची होती. बंदरात आता शिडाच्या होड्या आहेत आणि आइस्क्रीमवाला आहे. हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढचं सगळं हिरवंगार इंग्लंड बघताना ही चिमणी माझ्या डोक्यातून गेली नाही.

(दृश्य: झाडांच्या कमानीखालची डांबरी पायवाट. सायकली संथ चालल्यात.)

गावाबाहेर पडलं की रस्ता अलगद चढायला लागतो. इतका अलगद, की चढ आहे हे मांड्यांना कळतं, डोळ्यांना नाही. याचं कारण साधं आहे. ही सायकलवाट म्हणजे रूळ उखडलेली जुनी रेल्वेलाइन. या भागातलं लोहखनिज, चुनखडी, कोळसा वाहायला ती टाकलेली. वाफेचं इंजिन भरलेल्या वाघिणी घेऊन खडा चढ चढू शकत नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि उतार मोजून मापून ठेवला. मग खाणी बंद झाल्या, गाड्याही थांबल्या. देशभरात अशा हजारो किलोमीटर लाइन्स ओस पडल्या. सस्ट्रान्सची सुरुवात १९७७ मध्ये ब्रिस्टलला झाली ती हेच बघून: जमीन आहे, पूल आहेत, चढ सौम्य आहेत, फक्त रूळ नाहीत.

थोडक्यात, आमच्या मांड्यांची मेहनत कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी वाचवून ठेवलीय.

पण सगळीकडे नाही.

(दृश्य: व्हिनलॅटर खिंडीचा चढ. कॅमेरा हलतोय. धापांचा आवाज.)

व्हिनलॅटर. उंची ३१८ मीटर. सह्याद्रीतल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. मलाही आलं होतं. गंमत अशी, की इथले जुने रस्ते नागमोडी वळणं फारशी घेत नाहीत, सरळ डोंगराच्या अंगावर जातात.

इथं आमचा एकमेव करार सांगते. चढावर कुणी कुणासाठी हळू जायचं नाही. जोडीनं सायकल चालवणाऱ्यांची भांडणं होतात ती पैशावरून नाही, वेगावरून होतात. दुसऱ्याच्या लयीत पायडल मारलं की माणूस दुप्पट थकतो, आणि जो हळू जातो तो 'माझ्यामुळे अडलं' म्हणून आणखी थकतो. म्हणून जो पुढे जाईल त्यानं माथ्यावर नाहीतर पुढच्या फाट्यावर थांबायचं. आणि मागचा पोहोचला की लगेच निघायचं नाही, त्यालाही दम खाऊ द्यायचा. या दुसऱ्या कलमाचा नवऱ्याला वारंवार विसर पडतो.

"चल गं, पुढे उतार आहे."

"उतार कुठे पळून जात नाही. बस खाली."

चढावर तो पुढे, उतारावर मी. कारण तो ब्रेकवरची बोटं काढतच नाही.

लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावाबद्दल फार बोलत नाही. तळं सुंदर आहे, डोंगर सुंदर आहेत, आणि त्यांच्यावर आजवर इतक्या फिल्मा झाल्यात की आपण भर घालायची गरज नाही. एक मात्र दाखवते.

(दृश्य: ग्रेटा नदीवरचा पूल. खाली फेसाळ पाणी.)

केझिक ते थ्रेल्केल्ड हाही जुना रेल्वेमार्ग, १९७२ मध्ये बंद झालेला. डिसेंबर २०१५ मध्ये डेझमंड नावाचं वादळ आलं, नदीला पूर आला आणि वाटेवरचे पूल वाहून गेले. नवे पूल बांधून रस्ता पुन्हा खुला व्हायला डिसेंबर २०२० उजाडलं. आता इथं व्हीलचेअरवरची माणसं दिसतात, बाबागाडी ढकलणाऱ्या आया दिसतात, कुत्री तर विचारूच नका. घंटी वाजवली की लोक बाजूला होतात आणि वर 'थँक यू' म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं टोमणा मारतायत. तसं काही नसतं.

(दृश्य: दगडी गडगे, कुरण, काळी कोकरं आणि करड्या मेंढ्या.)

हे गडगे जवळून बघा. चुना नाही, सिमेंट नाही. खाली रुंद, वर निमुळता. दोन बाजूंनी दोन भिंती, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारा एक लांब दगड, दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारा. माथ्यावर उभे लावलेले दगड. नवरा मूळचा कोकणातला, त्यानं लगेच हात लावून बघितला. म्हणाला, "आमच्याकडे मधे मुंगूस राहतं." इथं किड्यांपासून छोट्या पक्ष्यांपर्यंत कुणीही राहतं.

आणि या हर्डविक मेंढ्या. कोकरू जन्मतं काळं कुळकुळीत, वयाबरोबर करडं होत जातं. डोकं मात्र पांढरं. रस्त्यात बसल्या की उठत नाहीत. घंटीचा उपयोग शून्य.

पेनरिथ मागे पडलं की ईडन नदीचं खोरं लागतं. लाल वालुकाश्माची घरं, चर्चचा लाल मनोरा, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडपांची कुंपणं. अशा बोळकांडीतून जाताना पुढचं वळण सोडून काही दिसत नाही, आणि वळणावर ट्रॅक्टर भेटला तर सायकल झुडपात घालून उभं राहायचं. ट्रॅक्टरवाला दोन बोटं उचलून दाद देतो. रस्त्यावर बोलणं एवढंच, पण पुरतं.

आणि मग समोर भिंतीसारखी उभी पेनाइन्सची रांग.

(दृश्य: दूरवर क्रॉस फेल, माथ्यावर ढगाचा सपाट पट्टा.)

तो माथा क्रॉस फेल, ८९३ मीटर. पेनाइन्समधला सर्वांत उंच. त्याच्यावर टोपीसारखा ढग बसलाय, तो दिसला की इथली माणसं मान हलवतात. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला एकच वारा आहे, हेल्म विंड, आणि तो इथं वाहतो. ईशान्येकडचा थंड वारा डोंगर चढतो आणि अलीकडच्या उतारावरून गडगडत खाली खोऱ्यात कोसळतो. गॉर्डन मॅन्ली नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात डोंगरावर झोपडी टाकून त्याचा अभ्यास केला. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की देशभरचा वारा पाठीवर असताना हा तेवढा तोंडावर येतो, तोही सगळ्यात मोठ्या चढावर.

(दृश्य: हार्टसाइडचा चढ. निवेदन थांबतं. फक्त वारा आणि चेनचा आवाज.)

इथलं निवेदन आम्ही काढून टाकलं. बोलायला श्वास नव्हता, आणि जे बोललो ते दाखवण्यासारखं नाही.

हार्टसाइड, ५८० मीटर. माथ्यावर एक प्रसिद्ध कॅफे होता, मोटारसायकलवाल्यांचा आणि सायकलवाल्यांचा लाडका. २०१८ मध्ये तो आगीत गेला. त्यामुळे आज वर पोहोचल्याचं बक्षीस म्हणजे मोकळी जागा, मागे ईडनचं अख्खं खोरं आणि हवा स्वच्छ असेल तर पार स्कॉटलंडचे डोंगर. थर्मासातला चहा आपला आपण. केंडल मिंट केकचा तुकडा जिभेवर ठेवला. नाव केक, पण ती पेपरमिंट घातलेली साखरेची वडी आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर हीच नेली होती. मग आम्हाला हार्टसाइडवर का चालू नये?

(दृश्य: नेंटहेड गाव. उघडे डोंगर, जुन्या खाणींचे ढीग.)

नेंटहेडला शिसं निघायचं. खाणी लंडन लेड कंपनीच्या, मालक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. त्यांनी कामगारांना घरं बांधून दिली, शाळा काढली, वाचनालय काढलं. तरी खाणकामगार तरुणपणीच छातीच्या रोगानं जायचे. वाचनालय आणि छातीचा रोग, दोन्ही एकाच कंपनीचं.

पुढे ब्लॅक हिल, ६०९ मीटर. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकलजाळ्यातला हा सर्वांत उंच बिंदू. एक फलक, एक कॅटल ग्रिड म्हणजे गुरं अडवणारी रस्त्यातली जाळी, आजूबाजूला हेदरची खुरटी झुडपं आणि दलदल. झाड औषधालाही नाही. टिटवीसारखे ओरडणारे लॅपविंग मात्र डोक्यावर घिरट्या घालतात, त्यांची घरटी जमिनीवर असतात म्हणून.

उतारावर रूकहोप. इथं शेतात एक कमान एकटीच उभी आहे. कशाची ते ओळखता येत नाही. शिसं वितळवण्याच्या भट्टीचा धूर वाहून नेणारी चिमणी इथं उभी नव्हती, आडवी होती, डोंगरावरून जवळजवळ दोन मैल गेलेली. ही कमान तिचाच उरलेला तुकडा. त्या लांबलचक बोगद्यात धूर थंड व्हायचा, त्यातलं शिसं भिंतींवर बसायचं आणि माणसांना आत पाठवून ते खरवडून काढायचे. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा हिशेब. खरवडणाऱ्याच्या फुप्फुसांचा जमाखर्च कुठल्या वहीत मांडला असेल कुणास ठाऊक.

स्टॅनहोपहून निघणारा चढ वाटेवरचा सगळ्यात खडा. इथं आम्ही उतरलो आणि सायकली ढकलल्या. त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही: १८३४ मध्ये इथं रेल्वे टाकली तेव्हा वाफेच्या इंजिनालाही हा डोंगर झेपणारा नव्हता. वर एका जागी पक्कं बसवलेलं इंजिन आणि त्याला जोडलेला दोर, त्यानं वाघिणी ओढून घ्यायचे. त्यातलं एक इंजिन आज यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात आहे. आम्हाला दोर नव्हता.

(दृश्य: माळरानावरून सरळ जाणारी वाट. दोघं शेजारी शेजारी, हात सोडून.)

आणि इथून पुढे? इथून समुद्रापर्यंत बहुतेक उतारच. वारा पुन्हा पाठीशी. दोघं जोडीनं चालवू शकतो, बोलू शकतो, अशी ही पहिली लांब वाट. काय बोललो? घराचे हप्ते, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, रात्री काय खायचं. डोंगर उतरला की संसार जागेवर असतो.

हाउन्सगिलचा पूल १८५८ चा. थॉमस बाउच यांनी बांधलेला, दरीवर अजून भक्कम उभा. याच बाउच यांचा स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७९ मध्ये गाडीसकट कोसळला. पुलाच्या मध्यावर थांबून नवऱ्यानं ही माहिती मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवली. वाचून झाल्यावर आम्ही जरा भरभर निघालो.

पलीकडे कॉनसेट. एकेकाळी इथल्या पोलाद कारखान्याची लाल धूळ गावभर बसायची. धुणं वाळत घातलं तरी लाल. १९८० मध्ये कारखाना बंद झाला, तीन हजारांहून जास्त लोकांची नोकरी गेली. आज कारखान्याच्या जागेशेजारी टोनी क्रॅग यांची स्टेनलेस स्टीलची दोन अवाढव्य शिल्पं आहेत, जमीन मोजायच्या जुन्या यंत्रांची. पुढे वाटेत डेव्हिड केम्प यांनी विजेच्या टाकाऊ ट्रान्सफॉर्मरांतून उभे केलेले दोन राक्षसी पुतळे, एक खाणकामगार, एक लोखंडाच्या कारखान्याचा मालक. शेजारून शाळकरी पोरं सायकलवरून भुर्रकन जातात, वर बघतही नाहीत.

(दृश्य: संडरलंड, वेअर नदीकाठ. फुटबॉल स्टेडियम, बाहेर सेफ्टी लॅम्पचं मोठं शिल्प.)

संडरलंडमध्ये शिरताना वाट नदीकाठानं या स्टेडियमजवळून जाते. मैदानाच्या जागी मंकवेअरमथ कोळसाखाण होती, डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची. ती बंद झाली डिसेंबर १९९३ मध्ये. १९९४ मध्ये ही सायकलवाट खुली झाली, १९९७ मध्ये स्टेडियम. दरवाज्यापाशी खाणीतला दिवा म्हणून हे शिल्प आहे.

दिव्याखाली एक आजोबा बसले होते. कुठून आलात विचारलं. व्हाइटहेवनहून, म्हटल्यावर मान डोलावली. मग आमच्या सायकलींकडे नीट बघितलं, खाली वाकले आणि नवऱ्याच्या मागच्या टायरवर अंगठा दाबला.

"हवा कमी आहे," म्हणाले. "पंप आहे ना?"

पंप होता. समुद्र अजून तीनेक किलोमीटर होता. नवरा हवा भरायला बसला आणि आजोबांनी मला जवळचं चिप्सचं दुकान सांगितलं, दोन दुकानं सांगितली खरं तर, आणि पहिल्यात का जाऊ नये हेही सविस्तर.