ग्रँटने मताधिकार 'दिला'? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! लिंकनच्या व्हिडिओखाली रोज एकच मागणी, 'ग्रँटवर कधी?' आणि त्याच्याखाली लगेच, 'त्या दारुड्यावर कशाला?' घ्या, आज ग्रँटच.

ओळख पटकन उरकतो. युलिसिस ग्रँट, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती, १८६५ मध्ये गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती ली याने त्याच्यापुढे शस्त्रं टाकली, १८६९ ते १८७७ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. झालं.

आता माझं दुखणं. १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती. 'ग्रँटच्या काळात कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला.' अहो, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येसुद्धा हेच! दुरुस्ती म्हणते काय? वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी, या कारणांवरून मत नाकारायचं नाही. इतकंच. सोसायटीने ठराव केला की जात बघून कुणाला पार्किंग नाकारायचं नाही, म्हणून तुम्हाला जागा मिळाली का? बाईला बाई म्हणून नाकारायची तर मुभाच होती, ती १९२० पर्यंत.

एकांची कॉमेंट आहे, 'सर, उगाच कीस काढताय.' बरं, मग दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य बघा. १८९० ची नवी राज्यघटना. तिच्या मतदानाच्या अटींत रंगाचा उल्लेखसुद्धा नाही. मत द्यायचंय? कर भरा. राज्यघटनेतलं कलम वाचून दाखवा, नाहीतर ऐकून अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, ठरवणार कोण? नोंदणी करणारा गोरा अधिकारी! दुरुस्तीला धक्का नाही आणि मतदार यादीतून माणसं गायब.

नुसत्या कागदावर भागत नाही, हे ग्रँटला कळलं होतं. त्याचं मोठेपण मला इथे दिसतं. १८७० मध्ये न्याय खातं उभं राहिलं. त्याच्या प्रमुखपदी ॲमॉस अकरमन बसला, जो युद्धात दक्षिणेकडून होता, बरं का! कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त संघटना; क्लॅनवाले रात्री तोंडं झाकून कृष्णवर्णीय मतदारांच्या घरात घुसायचे, चाबकाने फोडायचे, जीवही घ्यायचे. १८७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा झाला आणि ऑक्टोबरात ग्रँटने दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क, स्थगित केलं. सैनिक घेऊन धरपकड. क्लॅनचं तिथलं कंबरडं मोडलं. दुरुस्ती तीच हो, फक्त मागे बंदूक होती.

भ्रष्टाचार? होता की. दारूवरचा कर गिळणाऱ्या टोळीच्या प्रकरणात त्याचा खासगी सचिव बॅबकॉक अडकला, तर राष्ट्राध्यक्षाने त्याच्या बाजूने साक्ष दिली! बॅबकॉक सुटला. ग्रँटने स्वतः पैसा खाल्ल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण आपल्या माणसांपुढे आंधळा. याबाबतीत त्याची बाजू मी घेणार नाही.

आणि हो, १८७९ मध्ये तो जगप्रवासात मुंबईला आला होता, हे सांगणाऱ्या ताईंची कॉमेंट पिन केलीय. त्या दौऱ्यावर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर खाली लिहा. दारूवर नको, प्लीज.